आधी इंटरप्ट, मग रिंग : तापमान नोंदयंत्राच्या ड्रायव्हर दुरुस्तीच्या प्रकल्प नोंदी

१० फेब्रुवारी २०२५, सोमवार. अंबड, नाशिक

पिंपळगाव बसवंतजवळच्या एका द्राक्ष पॅकहाउसमध्ये आम्ही गेल्या मोसमात पाच तापमान नोंदयंत्रे बसवली होती. त्यांपैकी प्रीकूलिंगच्या (माल साठवणीआधी झटपट थंड करण्याच्या) दुसऱ्या खोलीतले यंत्र पहाटे पुन्हा बंद पडल्याचा फोन आज सकाळी आला. या महिन्यातली ही चौथी वेळ आहे. व्यवस्थापकांचे म्हणणे नेहमीचेच होते : "साहेब, बिघाड मोठा नाहीये. मेन स्विच बंद करून परत चालू केला की लागतं बघा. पण रात्री तीनला कोण उठून बंद-चालू करणार?" त्यांची अडचण रास्त आहे. तोडणी जोरात सुरू असून निर्यातीचा माल खोलीत असताना तापमानाची नोंद खंडित होणे त्यांना परवडत नाही.

यंत्राची रचना पुढे वारंवार लागेल म्हणून येथे लिहून ठेवतो. दोन कोअरचा ३२ बिटी आर्म प्रोसेसर, त्यावर लिनक्स कर्नलची (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याची) ५.१० आवृत्ती, आणि पीटी१०० या तापमान सेन्सरांचे मोजमाप करणारी २४ बिटी एडीसी चिप (सेन्सरचा विद्युत संकेत आकड्यांत बदलणारी), जी एसपीआय बसवर, म्हणजे प्रोसेसर व चिप यांच्यातील संदेशवाहक तारांवर, जोडलेली आहे. नमुना तयार झाला की चिप आपली 'डेटा रेडी' लाइन खाली ओढते आणि तो वाचला जाईपर्यंत खालीच ठेवते. ही लाइन खाली असेतो प्रोसेसरला इंटरप्ट, म्हणजे हातातले काम थांबवून इकडे लक्ष देण्याचा संकेत, मिळतो. चिपचा ड्रायव्हर, म्हणजे कर्नलला ती चालवता यावी यासाठीचा प्रोग्रॅम, आमच्याच कार्यालयात लिहिलेला आहे, त्यामुळे बोट दाखवायला दुसरे कोणी नाही.

कर्नलला ऊप्स (गंभीर चूक) आला तर लगेच पॅनिक करून, म्हणजे सगळे काम थांबवून, ५ सेकंदांत पुन्हा सुरू व्हावे, अशी तजवीज आम्हीच बूटच्या (यंत्र सुरू होतानाच्या) पॅरामीटरांत केलेली आहे, कारण जेथे माणूस जवळ नसतो तेथे अर्धमेल्या अवस्थेत पडून राहिलेले यंत्र काहीच उपयोगाचे नसते. पॅनिकच्या वेळचा मजकूर रॅमच्या राखीव भागात टिकवणारी पीस्टोअरची सोयही चालू आहे. तरीही आजवर एकाही वेळचा मजकूर हाती लागलेला नाही. कारण उघड आहे : मेन स्विच बंद केला की रॅम पुसली जाते, म्हणजे दर वेळी उपचारानेच पुरावा नष्ट होत होता. पुढच्या वेळी स्विचला हात न लावता आधी मला फोन करावा, अशी विनंती केली.

११ फेब्रुवारी, मंगळवार. पिंपळगाव बसवंत

फोन पहाटे पावणेपाचला आला आणि साडेसहापर्यंत लॅपटॉप व सिरियल केबल घेऊन मी पॅकहाउसवर पोहोचलो. यंत्र बंद पडलेले नव्हते. ते बूट होत होते, मरत होते आणि पुन्हा बूट होत होते. बाहेरून फक्त न उजळणारा पडदा दिसत असल्यामुळे सर्वांनी त्याला 'बंद' म्हटले होते, आणि त्यात त्यांची चूक नाही.

१,१५,२०० बॉडच्या वेगावर कन्सोल (कर्नलचे संदेश दाखवणारी जोडणी) जोडल्यावर प्रत्येक फेरीत तोच मजकूर दिसला : कर्नल सुरू झाल्यापासून सुमारे २ सेकंदांनी नल पॉइंटरचा (मेमरीतील नसलेल्या, शून्य पत्त्याकडे जाण्याचा) ऊप्स, पत्ता ००००००१सी (सोळाच्या पायातील आकडा), चालू प्रक्रिया आमच्याच चिपच्या इंटरप्टचा थ्रेड (तो हाताळणारे काम), त्यानंतर पॅनिक. लागोपाठ नऊ फेऱ्यांचा मजकूर मी साठवून घेतला. नऊही वेळा पत्ता तोच होता. इतका नियमितपणे कोसळणारा कर्नल हे खरे तर सुदैवच म्हणायचे. कधीतरी, कोठेतरी, वेगवेगळ्या पत्त्यांवर होणारे बिघाड महिनोन्महिने छळतात.

मजकूर घेतल्यावर मेन स्विच बंद करून चालू केला. यंत्र पहिल्याच फेरीत नीट उठले.

आणखी एक गोष्ट टिपून ठेवतो, तिचा अर्थ आज लागलेला नाही. रात्रपाळीच्या कामगाराच्या सांगण्यानुसार, यंत्र 'जाते' तेव्हा बहुतेक वेळा शेजारचा मोठा कॉम्प्रेसर नुकताच सुरू झालेला असतो आणि दिवे क्षणभर मंदावतात.

१२ फेब्रुवारी, बुधवार

आजचा दिवस ऊप्स वाचण्यात गेला. प्रोग्रॅम काउंटर (कोसळताना कोणती सूचना चालू होती ते दाखवणारा) कर्नलच्या स्पिनलॉक (दोघांनी एकाच वेळी तीच माहिती बदलू नये म्हणूनचे कुलूप) घेणाऱ्या फंक्शनमध्ये आहे. पहिल्या नजरेत असे वाटते की बिघाड कर्नलच्या गाभ्यातच आहे, आणि आमच्यातील एका नव्या सहकाऱ्याने कर्नलची आवृत्ती बदलून पाहावी असे सुचवलेही. ते म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी नेण्यासारखे झाले असते. त्या फंक्शनला जो पत्ता दिला गेला त्याच पत्त्यावर ते गेले. चुकीचा पत्ता कोणी दिला, हे लिंक रजिस्टर (फंक्शनला कोठून बोलावले ते ठेवणारा प्रोसेसरचा कप्पा) सांगते, आणि ते आमच्या इंटरप्ट हँडलरकडे (इंटरप्ट आल्यावर चालणाऱ्या कोडकडे) बोट दाखवत होते. अ‍ॅड्रटूलाइन या साधनाने तो आकडा स्रोतातील ओळीवर नेला : रिंग बफरचे (नमुने क्रमाने ठेवणाऱ्या चक्राकार जागेचे) कुलूप घेण्याची ओळ.

रिंग बफरचा पॉइंटर स्वतः शून्य असेल, तर कर्नलने ० ऐवजी १सी, म्हणजे दशमानात २८, हा पत्ता का दाखवावा? उत्तर स्ट्रक्चरच्या (मेमरीत सलग ठेवलेल्या घटकांच्या गटाच्या) मांडणीत आहे. आमच्या रिंगमध्ये प्रथम बफरचा पॉइंटर, मग आकार, मग शीर्ष व शेपूट हे दोन निर्देशांक असे चार-चार बाइटांचे चार घटक येतात, म्हणजे १६ बाइट झाले. त्यापुढे प्रतीक्षा-रांगेचे (नमुन्याची वाट पाहणाऱ्यांच्या यादीचे) शीर्षक येते, ज्यात एक स्पिनलॉक आणि दोन पॉइंटरांची यादी मिळून १२ बाइट लागतात. म्हणजे रिंगचे कुलूप बरोबर अठ्ठाविसाव्या ऑफसेटवर (सुरुवातीपासून तितक्या बाइटांवर) येते. रिंगचा पत्ता ० असल्यास कुलपाचा पत्ता २८ होतो आणि तेथे कोणतेही पान जोडलेले नसल्यामुळे प्रोसेसर फॉल्ट देतो. फंक्शनला दिलेला पत्ता ठेवणाऱ्या आर० रजिस्टरमध्येही हाच आकडा होता.

हा तर्क बरोबर आहे का हे तपासण्याची एक सोपी युक्ती आहे. कर्नलमधील स्पिनलॉक तपासणीचा पर्याय चालू केला की प्रत्येक स्पिनलॉक ४ ऐवजी १६ बाइटांचा होतो. मग प्रतीक्षा-रांग २४ बाइटांची होते, रिंगचे कुलूप ४० वर सरकते, आणि तपासणीचा कोड प्रथम कुलपातील ओळखखूण वाचतो, जी आणखी ४ बाइट पुढे असते. म्हणजे त्या कर्नलवर हाच बिघाड झाला तर पत्ता ४४ यायला हवा. असा कर्नल बांधून ठेवला आहे. बिघाड टेबलावर घडवता आला की ताडून पाहीन.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

कार्यालयातील टेबलावर बिघाड घडवण्याचा प्रयत्न केला. यंत्र साठ वेळा बंद-चालू केले आणि साठही वेळा ते नीट सुरू झाले. व्यर्थ दिवस.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

काल जे केले त्यातच चूक होती. मी साठ वेळा तेच केले जे व्यवस्थापक बिघाड 'दुरुस्त' करण्यासाठी करतात : वीज तोडली. वीज तुटली की एडीसी चिपही शून्यापासून सुरू होते, गप्प बसते, आणि ड्रायव्हरने आज्ञा देईपर्यंत नमुने घेत नाही. पॅकहाउसमध्ये तसे घडत नाही.

हार्डवेअर पाहणाऱ्या ताईंकडे सर्किटचे चित्र मागितले. त्यांनी दोन मिनिटांत दाखवून दिले की मुख्य बोर्डाची ५ व्होल्टची रेल (वीजपुरवठ्याची वाहिनी) ठरावीक पातळीखाली गेली की सुपरवायझर चिप प्रोसेसरला रीसेट करते, पण एडीसीचा भाग वेगळ्या आयसोलेटेड पुरवठ्यावर असून त्यावरचे कपॅसिटर मोठे आहेत. कॉम्प्रेसर सुरू होताना विजेच्या दाबात येणारा क्षणिक झोल प्रोसेसरला पाडतो आणि एडीसीला जाणवतही नाही. शिवाय एडीसीची रीसेट पिन बोर्डाच्या रीसेट लाइनला न जोडता कायमची उंच बांधलेली आहे. "तेव्हा जीपीआयओ पिना (प्रोसेसरच्या मोकळ्या पिना) कमी पडत होत्या, आणि सॉफ्टवेअरमधून रीसेट देता येतो असं तूच म्हणाला होतास," असे त्यांनी आठवण करून दिले. ते खरे आहे.

म्हणजे प्रोसेसर नव्याने बूट होत असताना एडीसी पूर्वीच्याच लयीत नमुने घेत असते आणि तिची डेटा रेडी लाइन खाली ओढलेली असते. मी वीज न तोडता केवळ प्रोसेसरची रीसेट पिन क्षणभर जमिनीला टेकवली. पहिल्याच वेळी ऊप्स, पत्ता १सी, आणि पुढे तेच न थांबणारे चक्र. तपासणीचा कर्नल घालून पुन्हा पाहिले. पत्ता २सी आला, म्हणजेच ४४.

१७ फेब्रुवारी, सोमवार

आता ड्रायव्हरचे प्रोब फंक्शन (बूटच्या वेळी चिपची जुळवणी करणारे) वाचणे सोपे झाले. त्यातला क्रम असा आहे : खासगी स्ट्रक्चरसाठी मेमरी घेतली जाते, मग इंटरप्ट मागितला जातो, मग १० मिलिसेकंद थांबून चिपची ओळख वाचली जाते, त्यानुसार रिंग बफर तयार होतो, मग चिपला एसपीआयवरून रीसेटची आज्ञा दिली जाते, आणि शेवटी नमुने घेण्यास प्रारंभ होतो. थंड अवस्थेतून सुरुवात झाली तर यात काहीच बिघडत नाही, कारण प्रारंभाच्या आज्ञेपूर्वी चिप इंटरप्ट देणारच नाही, असे क्रम लिहिणाऱ्याने गृहीत धरलेले आहे. चिप आधीपासूनच चालू असेल तर मात्र इंटरप्ट मागताक्षणी तो येऊन धडकतो, हँडलरचा थ्रेड नमुना वाचतो, आणि प्रोब त्या १० मिलिसेकंदांच्या विश्रांतीत असतानाच रिंगकडे वळतो. रिंग अजून जन्मालाच आलेली नसते. वरातीमागून घोडे म्हणतात ते हेच.

गिटच्या (कोडमधील बदल नोंदवणाऱ्या साधनाच्या) इतिहासात पाहिले तर मूळ आवृत्तीत रिंग इंटरप्टच्या आधी तयार होत होती. आठ चॅनलांचे नवे मॉडेल आले तेव्हा रिंगचा आकार चॅनलांच्या संख्येवर अवलंबून ठेवावा लागला, ती संख्या चिपची ओळख वाचल्यावरच कळते, म्हणून रिंगचा भाग खाली सरकवण्यात आला. त्या बदलाचा हेतू बरोबर होता आणि त्याची तपासणी मीच केली होती. मूळ क्रम योग्य होता, पण तो तसा का आहे हे कोठेही लिहिलेले नव्हते, त्यामुळे तो हलवताना कोणालाच काही खटकले नाही.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

मोसम चालू असल्याने आजच्या आज काहीतरी द्यावे, असा वरिष्ठांचा आग्रह आहे. त्यांनी सुचवलेला उपाय एका ओळीचा आहे : हँडलरच्या सुरुवातीलाच रिंग शून्य आहे का हे पाहावे आणि असल्यास 'हा इंटरप्ट माझा नव्हे' असे कर्नलला सांगून परतावे. टेबलावर करून पाहिले. कोसळणे थांबले. वरिष्ठ खूश झाले. माझे समाधान झाले नाही, आणि त्याची कारणे येथे नोंदवतो, कारण अशी ओळ एकदा शेतावरच्या यंत्रात गेली की ती वर्षानुवर्षे तेथेच राहते.

नमुना न वाचता परतल्यामुळे डेटा रेडी लाइन खालीच राहते, त्यामुळे इंटरप्ट सुटताच पुन्हा येतो, आणि प्रोबची विश्रांती संपेपर्यंत दुसरा कोअर हजारो निरर्थक फेऱ्या मारतो. कर्नलची या बाबतीतली सहनशीलता दांडगी आहे : एक लाख इंटरप्टांपैकी ९९,९०० हून अधिक कोणीच न स्वीकारल्यास तो ती इंटरप्ट लाइन बंद करून तक्रार छापतो. १० मिलिसेकंदांत आपण त्या मर्यादेजवळही जात नाही, म्हणजे लॉगमध्ये अवाक्षर उमटत नाही.

दुसरे कारण अधिक गंभीर आहे. रिंगचा पॉइंटर शून्य नाही म्हणजे रिंग तयार आहे, असे मुळीच नाही. प्रोबमध्ये प्रथम रिंगचा पॉइंटर खासगी स्ट्रक्चरमध्ये ठेवला जातो आणि त्यानंतर तिच्या आतील बफरची मेमरी घेतली जाते. या दोहोंच्या मधल्या काळात आलेल्या हँडलरला रिंग दिसते, शून्याने भरलेले कुलूप आर्मवर उघडेच समजले जाते, आणि तो नसलेल्या बफरमध्ये नमुना लिहायला जातो. फट काही मायक्रोसेकंदांची आहे, पण इंटरप्टांचा भडिमारही नेमका तेव्हाच चालू असतो.

तर्कावर वाद घालण्यापेक्षा मोजून पाहावे म्हणून दर ४० सेकंदांनी प्रोसेसरची रीसेट पिन ओढणारा रिले जोडला, कन्सोलचा सगळा मजकूर फाइलमध्ये वळवला आणि एका ओळीच्या उपायाचे यंत्र संध्याकाळी सातला त्यावर लावले. उद्या शिवजयंतीची सुट्टी आहे. परवा सकाळी बघू.

२० फेब्रुवारी, गुरुवार

रिलेने सुमारे ३,४०० वेळा रीसेट दिला आणि त्यांत ४१ वेळा कर्नल कोसळला. या वेळी पत्ता ० होता आणि प्रोग्रॅम काउंटर थेट आमच्या हँडलरमध्ये, बफरमध्ये लिहिणाऱ्या ओळीवर होता. लक्षात घेण्यासारखी बाब ही की एकेचाळीसही वेळा यंत्र ५ सेकंदांनी आपोआप पुन्हा सुरू होऊन दुसऱ्या प्रयत्नात उठले. पॅकहाउसवर हे कोणाच्याही नजरेस आले नसते. 'कधीकधी चालू व्हायला वेळ लागतो' इतकीच तक्रार आली असती, तीही कदाचित पुढच्या मोसमात. वरिष्ठांना फाइल दाखवली. त्यांनी ती शेवटपर्यंत पाहिली आणि "बरं, तुझ्या पद्धतीने कर, पण सोमवारपर्यंत," असे म्हणाले.

दुरुस्ती अशी केली. चिपला रीसेट देणे आणि ओळख वाचणे या गोष्टींना इंटरप्ट लागतच नाही, म्हणून त्या सर्वांत आधी आणल्या. रीसेटनंतर चिप थांबते आणि डेटा रेडी लाइन वर जाते, त्यामुळे मागच्या जन्मीचा नमुना पुढे येत नाही. रिंग एका स्थानिक पॉइंटरमध्ये पूर्ण तयार केली जाते, म्हणजे बफर, आकार, प्रतीक्षा-रांग, कुलूप हे सारे, आणि मगच तो पॉइंटर खासगी स्ट्रक्चरमध्ये ठेवला जातो. इंटरप्ट त्यानंतर मागितला जातो. प्रारंभाची आज्ञा सर्वांत शेवटी. हँडलरमधील शून्याची तपासणी काढून टाकली. ती ठेवली असती तर 'रिंग शून्य असू शकते' असा चुकीचा समज पुढे वाचणाऱ्याला झाला असता. इंटरप्ट मागून तो काही काळ बंद ठेवण्याचा पर्यायही विचारात घेतला होता, पण क्रम योग्य असल्यावर त्याची गरज उरत नाही.

एकूण बदल एकोणीस ओळींचा आहे आणि त्यातल्या बहुतेक ओळी केवळ वरखाली झालेल्या आहेत. क्रम असा का, हे सांगणारी तीन ओळींची टिप्पणी मात्र नवी आहे.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

क्रमाचा विचार करताना उलट बाजूही पाहिली आणि तेथेही दुखणे निघाले. आम्ही साधने कर्नलच्या व्यवस्थापित पद्धतीने घेतो, म्हणजे ड्रायव्हर सुटताना कर्नल ती आपणहून परत करतो, आणि ज्या क्रमाने घेतली त्याच्या नेमक्या उलट क्रमाने करतो. जुन्या क्रमात इंटरप्ट आधी आणि रिंग नंतर घेतलेली होती. त्यामुळे सुटताना रिंगची मेमरी आधी परत जात होती आणि इंटरप्ट मागाहून. हँडलर एसपीआयवर नमुना वाचत असताना रिंग त्याच्या हातून काढून घेतली जाऊ शकते, आणि कर्नल मात्र हँडलर संपण्याची वाट इंटरप्ट सोडतानाच पाहतो.

पॅकहाउसवरील यंत्रांत ड्रायव्हर कर्नलमध्येच बांधलेला असल्याने तो कधी सुटत नाही. तरी खात्रीसाठी जुना ड्रायव्हर मॉड्यूल (कर्नलमध्ये घालता-काढता येणारा भाग) म्हणून बांधला, मेमरी वाटपकाराची विषपेरणी (परत केलेल्या मेमरीत खुणेचा आकडा भरणे) चालू केली आणि चिप सर्वाधिक वेगावर ठेवून मॉड्यूल घालण्या-काढण्याची फेरी लावली. काही मिनिटांतच ऊप्स आला आणि रजिस्टरांत ६बी६बी६बी६बी हा आकडा होता, जो परत केलेल्या मेमरीत मुद्दाम भरला जातो. गंमत म्हणजे कुलपाने येथेही अडवले नाही. आर्मवरील कुलूप टोकन पद्धतीचे आहे. 'पुढचे टोकन' आणि 'चालू टोकन' हे दोन्ही अर्धे सारखे असले की ते उघडे समजले जाते, आणि ६बी६बी बरोबर ६बी६बी असल्यावर ते सारखे असणारच.

नव्या क्रमात इंटरप्ट रिंगनंतर घेतला जात असल्याने सुटताना तो आधी जातो. त्याशिवाय ड्रायव्हर काढताना चिपला थांबण्याची आज्ञा देणारी ओळ घातली, जी पूर्वी नव्हतीच. तीच फेरी दुपारभर चालवली. काही घडले नाही. संध्याकाळी सहाला नवे कर्नल रिलेवर लावून घरी गेलो.

२४ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी नऊपर्यंत ५,६०० हून अधिक रीसेट झाले. ऊप्स एकही नाही. प्रत्येक वेळी पहिला नमुना रीसेटनंतर चिप सुरू केल्यावरचाच आहे, हे नमुन्यांच्या अनुक्रमांकावरून तपासले. वीज तोडून चालू करण्याच्या पन्नास फेऱ्याही निर्वेध झाल्या. चार आणि आठ चॅनलांच्या दोन्ही मॉडेलांवर हेच केले.

कमिटच्या (गिटमध्ये नोंदवलेल्या बदलाच्या) संदेशात लक्षण, कारण आणि दुरुस्ती सविस्तर लिहिली, आणि ज्या कमिटने क्रम बदलला होता त्याच्या ओळखीची पहिली १२ अक्षरे देऊन संबंध जोडला. नव्या सहकाऱ्याला तपासणी करायला सांगितले. त्याने विचारले की एसपीआयवर रीसेटची आज्ञाच पोहोचली नाही तर काय. प्रश्न चांगला होता. अशा वेळी चिपची ओळख चुकीची येते, प्रोब इंटरप्ट मागण्यापूर्वीच त्रुटी देऊन परततो आणि कर्नल जिवंत राहतो. टेबलावर एसपीआयची वायर काढून त्याने ते स्वतः पाहिले.

२७ फेब्रुवारी, गुरुवार. पिंपळगाव बसवंत

पाचही यंत्रांवर नवे कर्नल चढवले. दुसऱ्या खोलीतील यंत्र कन्सोलला जोडून तेथेच बसलो आणि कॉम्प्रेसर मुद्दाम तीन वेळा बंद-चालू करायला लावला. दुसऱ्या वेळी दिवे मंदावले, प्रोसेसर रीसेट झाला, आणि अकरा सेकंदांनी पडद्यावर तापमान पुन्हा उमटले. व्यवस्थापकांनी पडद्याकडे पाहिले आणि "म्हणजे आता स्विच बंद करायचा नाही ना?" असे विचारून खात्री करून घेतली.

रीसेट होणे अजून थांबलेले नाही. प्रत्येक झोलाला अकरा सेकंदांची नोंद जाते. ५ व्होल्टच्या रेलवर कपॅसिटर वाढवणे आणि पुढच्या बोर्डात एडीसीची रीसेट पिन प्रोसेसरच्या ताब्यात देणे ही दोन कामे हार्डवेअरच्या यादीत ताईंच्या नावे नोंदवली आहेत. त्यांनी दुसऱ्या कामापुढे "या वेळी पिन मिळेल" असे लिहिले आहे.